दवाखान्यातून सुट्टी झाल्यानंतर
कण्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेली किशोरवयीन मुले आणि गावाचे काम

(वाटूर, ता. परतूर, जि. जालना येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाटूर हे फाट्याचे गाव आहे. जालन्याहून मंठ्याकडे जाणारा रस्ता आणि परतूरकडे वळणारा रस्ता येथे भेटतात. पंचक्रोशीतील माणूस औषधोपचारासाठी जालन्याला, छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबई-पुण्याला जातो तो बहुधा या फाट्यावरून, आणि उपचार संपवून परततो तोही येथेच एस.टी.तून उतरतो. रुग्णालयाने रुग्णास घरी पाठविले की आपल्याकडे 'सुट्टी झाली' असे म्हणतात. शब्द मोठ्या समाधानाचा आहे. तथापि एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांच्या बाबतीत हा शब्द फसवा ठरतो, आणि त्यासंबंधीच आज येथे विचार करावयाचा आहे. हे रुग्ण म्हणजे ज्यांच्या पाठीचा वाकडा कणा शस्त्रक्रियेने सरळ करण्यात आला आहे अशी बारा ते अठरा वर्षे वयाची मुले, आणि त्यांतही अधिक करून मुली.

प्रथम या विकाराविषयी थोडेसे. वैद्यकात त्यास स्कोलिओसिस म्हणतात. पाठीमागून पाहिले असता जो कणा ओळंब्यात दिसावयास हवा तो डाव्या-उजव्या अंगास वळतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळला जातो. त्यामुळे एक खांदा वर दिसतो, एका बाजूचे खवाटे पुढे येते, परकराची किंवा सलवारीची कड एका अंगाला खाली राहते. १० ते १६ या वयोगटात शंभरांतील दोन-तीन मुलांत हा बाक कमीअधिक प्रमाणात आढळतो. परंतु शस्त्रक्रियेची पाळी यावी इतका तो वाढलेली मुले हजारांत एखादे असते. क्ष-किरण चित्रावर बाक अंशांत मोजतात. अमेरिकेतील डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ साली सांगितलेली रीत त्यासाठी आजही वापरात आहे. दहा अंशांपेक्षा कमी बाक हा विकार मानला जात नाही. वाढीच्या वयात तो २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर पट्टा बांधून वाढ रोखण्याचा प्रयत्न होतो. ४५-५० अंशांच्या पुढे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, कारण असा बाक वय वाढल्यावरही वाढत राहतो आणि फार वाढल्यास छातीच्या पिंजऱ्यात फुप्फुसांना जागा उरत नाही.

हा बाक ओळखण्याची सोपी खूण शिक्षकांच्या फार जुन्या परिचयाची आहे. पूर्वी शाळेत अंगठे धरून ओणवे उभे करण्याची शिक्षा असे. शिक्षा गेली हे चांगलेच झाले. पण दोन्ही पाय जुळवून, गुडघे न वाकविता, हात खाली सोडून मूल ओणवे झाले असता पाठीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा उंच दिसतो काय हे पाहणे, हीच या विकाराची प्राथमिक तपासणी होय. विल्यम ॲडम्स या इंग्रज शल्यविशारदाने १९व्या शतकात ती सांगितली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. या कार्यक्रमाचे पथक शाळेत येते त्या दिवशी, एखाद्या मुलाच्या पाठीविषयी शंका असल्यास, शिक्षकाने आपण होऊन ते मूल दाखवावे. मुलींच्या बाबतीत हे काम शिक्षिकेने आडोशाला करावे हे सांगावयास नकोच.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. कण्याचा बाक म्हणजे सरसकट कुबड नव्हे. मणक्याच्या क्षयानेही पाठ वाकते; तो निराळा रोग आहे आणि त्याचा उपचारही निराळा. दुसरे असे की, किशोरवयातील बहुसंख्य रुग्णांत या बाकाचे निश्चित कारण सापडत नाही. जड दप्तराने, वाकडे बसल्याने, किंवा गरोदरपणी आईने काही खाल्ल्या-न खाल्ल्याने तो येत नाही. तेव्हा घरातल्या सुनेला त्याबद्दल बोल लावणे हा निव्वळ अन्याय आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या शस्त्रक्रियेत जो पालट झाला तो लक्षात घेतल्याखेरीज गावावर काय जबाबदारी आली आहे हे समजणार नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे पोलिओच्या साथीनंतर वाकड्या कण्याची अनेक मुले डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे आली. त्यांच्यासाठी त्यांनी पोलादी सळई बसविण्याची पद्धत तयार केली व १९६२ साली ती प्रसिद्ध केली. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर मूल छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टरमध्ये कित्येक महिने राही, आणि त्यांतील बराच काळ ते अंथरुणावरच पडून असे. १९७३ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच रुग्णास क्षणभर जागे करून पाय हलविण्यास सांगण्याची पद्धत रूढ केली. पुढे मज्जारज्जूवर यंत्राने अखंड लक्ष ठेवणे शक्य झाले. १९८०च्या दशकात फ्रान्समध्येच कोत्रेल व द्युबूसे यांनी कण्याला अनेक ठिकाणी धरणारी सळ्यांची नवी रचना आणली, आणि नंतर प्रत्येक मणक्यात स्क्रू बसवून त्यांना सळ्या जोडण्याची आजची पद्धत आली. ही पकड इतकी भक्कम असते की प्लॅस्टरची गरज सहसा उरत नाही. पहिल्या दिवशी मुलास पलंगाच्या कडेवर बसवितात, दुसऱ्या दिवशी चालवितात, आणि सर्व ठीक असल्यास साधारणतः तीन ते सात दिवसांत घरी पाठवितात.

ही प्रगती आनंदाची आहे. परंतु तिची दुसरी बाजूही पाहावी. सळ्या आणि स्क्रू कण्याला केवळ धरून ठेवतात. मणके एकमेकांशी सांधण्याचे काम मधोमध घातलेल्या हाडाच्या चुऱ्यातून शरीर स्वतः करते, आणि त्यास सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतचा अवधी लागतो. हा अवधी पूर्वी प्लॅस्टरच्या कवचात जात असे. आता तो घरात, अंगणात, शाळेत आणि एस.टी.च्या थांब्यावर जातो. रुग्णालयातील मुक्काम महिन्यांवरून दिवसांवर आला, म्हणजे परिचारिकेचे काम आईकडे, भौतिकोपचार तज्ज्ञाचे काम भावंडांकडे आणि देखरेखीचे काम आशाताई व शिक्षक यांच्याकडे आले. हे काम आपल्याकडे आले आहे याची वार्ता मात्र पुष्कळदा त्यांना कोणी देत नाही.

सुट्टी देण्यापूर्वी डॉक्टर काही गोष्टींची खात्री करून घेतात. मूल आधाराशिवाय चालते काय, जिन्याच्या पायऱ्या चढते काय, वेदना तोंडाने घेण्याच्या गोळ्यांनी आटोक्यात राहते काय, अन्न पोटात टिकते काय, लघवी-शौचास होते काय, जखम कोरडी आहे काय, ताप नाही ना. उभे राहून काढलेले क्ष-किरण चित्रही पाहतात. पालकांनी याच वेळी आपले घर कसे आहे हे डॉक्टरांना सांगितले पाहिजे. शहरातील डॉक्टर शौचालय म्हणताना कमोड गृहीत धरतील, आणि अंथरूण म्हणताना पलंग. घरात उकिडवे बसण्याचे शौचकूप आहे, झोपणे जमिनीवर आहे, पाणी हापशावरून आणावे लागते, हे त्यांना कळले तर त्यांच्या सूचनाही तशाच नेमक्या येतील. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असल्यास त्यातील गोळ्यांच्या वेळा व पुढील तपासणीची तारीख तेथेच मराठीत लिहून घ्यावी.

मग प्रवास. मुंबई-पुण्याहून वाटूरपर्यंतचा पल्ला मोठा आहे. निघण्यापूर्वी वेदनाशामक गोळी वेळेवर दिलेली असावी, पाठीशी उशी असावी, आणि दर तासा-दीड तासाने मुलास दोन-चार मिनिटे उभे करून चालवावे. एस.टी.ने यावयाचे झाल्यास मागील चाकावरची आणि त्यामागची बाके टाळावीत. हिसके तेथेच अधिक बसतात. रेल्वेने खालच्या बर्थवर आडवे होऊन येता येते व ते बरे. गफलत होते ती मात्र शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत. मुंबईपासून जपून आणलेले मूल फाट्यावर उतरते आणि घरापर्यंत मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेले जाते. नुकत्याच शिवलेल्या पाठीला खड्ड्यातून उडणारी मोटारसायकल आणि ट्रॅक्टरची ट्रॉली या दोन्ही गोष्टी वर्ज्य होत. गावातील एखाद्याची जीप त्या दिवसापुरती मिळवून देणे हे पंचायत सदस्यास अवघड नाही.

घरी आल्यावरचा नियम तीन शब्दांत सांगता येतो: वाकणे, उचलणे, पिळणे बंद. पण घर हे अशा जागांनी भरलेले असते की जेथे या तिन्ही गोष्टी न कळत घडतात. जमिनीवरच्या अंथरुणातून उठताना अंग दुमडावे लागते. सुंभाच्या सैल बाजेत पाठ झोळीसारखी पडते. म्हणून गुडघ्याइतक्या उंचीचा, फळीचा पलंग हवा. कुशीवर वळताना खांदे व कंबर एकदम वळली पाहिजेत, जसा लाकडाचा ओंडका लोटावा तशी. मग पाय खाली सोडून हाताच्या जोराने उठावे. शौचासाठी मध्यभागी भोक पाडलेली साधी खुर्ची कूपावर ठेवली तरी काम भागते. आंघोळ डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच, स्टुलावर बसून; डोके दुसऱ्याने धुवावे. जखम पूर्ण भरेपर्यंत विहिरीत वा नदीत उतरणे नाही. हंडा-कळशी, वैरणीचा भारा, कडेवर भावंड, वाकून घर सारवणे, कापसाची वेचणी या कामांना डॉक्टर सांगतील तोपर्यंत पूर्ण विराम. पहिल्या काही आठवड्यांत दोन-तीन किलोंपेक्षा जड काहीही उचलू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि भरलेली कळशी त्याच्या कितीतरी पुढे जाते. हातपाय धड असलेली, चालती-फिरती मुलगी 'रिकामी बसलेली' दिसते आणि हंगामाच्या दिवसांत तिला काम सांगण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे.

वेदनेच्या काही गोळ्यांनी शौचास घट्ट होते, भूक मरते, आणि पहिल्या महिन्यात दोन-चार किलो वजन उतरणे नवलाचे नाही. दूध, डाळ, अंडी, भाज्या, फळे व भरपूर पाणी थोडेथोडे पण वारंवार द्यावे. वारंवार वांत्या होऊन काहीच टिकत नसेल तर मात्र ते अपचन समजू नये. कणा एकाएकी लांब झाल्याने आतड्याचा एक भाग दाबला जाण्याचा प्रकार क्वचित घडतो व त्यास रुग्णालयातच उपचार लागतात. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर जाणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, जखमेभोवती लाली व सूज वाढणे, पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे, पायांत नव्याने अशक्तपणा किंवा बधिरपणा येणे, लघवीवरील ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी बोलावे. धाप किंवा पायांची शक्ती जाणे असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जखमेलगतची कातडी बधिर वाटणे मात्र नेहमीचे आहे. हा फरक आशाताईंनी घरच्यांना पहिल्याच भेटीत समजावून द्यावा.

जखमेवर हळद-तेल भरणे, पाठ चोळून घेणे, हाडवैद्याकडे 'एकदा दाखवून' आणणे या गोष्टी आपल्याकडे प्रेमापोटीच होतात. प्रेमापोटी केलेला अपायही अपायच असतो. घरात तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय असेल तर मुलाच्या हाती ते जाऊ देऊ नये. तंबाखूतील निकोटिन हाड सांधण्याच्या क्रियेत अडथळा आणते हे सिद्ध झालेले आहे.

या निष्काळजीपणाच्या बरोबरीने, किंबहुना काही घरांत त्याहूनही अधिक, नुकसान अतिकाळजी करते. सळई निसटेल या भीतीने मुलास महिनोन्महिने अंथरुणावर ठेवले जाते. चालणे हा या आजारातील औषधाचा भाग आहे. पहिल्या आठवड्यात अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा, असे चालणे वाढवीत न्यावे. पडून राहिलेल्या मुलाची फुप्फुसे, स्नायू आणि मन ही तिन्ही मंदावतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुष्कळ मुले चिडचिडी किंवा अबोल होतात. उंची दोन-चार सेंटिमीटरांनी वाढलेली असते, आरशातले शरीर अनोळखी वाटते, पाठीवर मानेखालून कमरेपर्यंत लांब व्रण असतो, आणि भेटावयास येणारी प्रत्येक बाई तो पाहू मागते. ब्रिटनच्या राजघराण्यातील युजिनी यांच्यावर वयाच्या १२व्या वर्षी, २००२ साली, हीच शस्त्रक्रिया झाली होती. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या विवाहात मुद्दाम पाठ उघडी राहील असा पोशाख निवडला, जेणेकरून तो व्रण साऱ्या जगाला दिसावा. आपल्या खेड्यातील मुलीने तसे करावे असे कोणी म्हणणार नाही. पण तो व्रण लपविण्याजोगा गुन्हा नाही एवढे तिला घरातून कळावे.

शाळेकडे वळावयाचे तर, बहुतेक मुले तीन ते सहा आठवड्यांत शाळेत येऊ शकतात, आरंभी अर्धा दिवस. या मुलाला सतरंजीवर मांडी घालून बसविता येणार नाही. पाठ टेकता येईल अशी खुर्ची व योग्य उंचीचे टेबल हवे, आणि प्रत्येक तासिकेनंतर उभे राहून चार पावले टाकण्याची मोकळीक हवी. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे असे राज्य शासनाने जुलै २०१५च्या निर्णयाने ठरवून दिले आहे. या विद्यार्थ्यास आरंभी तेवढेही नको. पाठ्यपुस्तकांचा एक जादा संच वर्गात ठेवावा, म्हणजे दप्तराचा प्रश्नच मिटतो. सूर्यनमस्कार, लेझीम, कबड्डी, खो-खो यांची परवानगी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच देतील. हलके खेळ काही महिन्यांनी, धसमुसळेपणाचे खेळ सहा महिने ते वर्षानंतर. तोपर्यंत मुलाला मैदानावर गुणलेखक करावे, पण वर्गात एकटे बसवू नये.

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक गोष्ट मुख्याध्यापकांनी विशेष लक्षात ठेवावी. ही शस्त्रक्रिया बहुधा आधी ठरवून केलेली असते. तारीख कळताच वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन हजेरीसंबंधी मंडळाच्या विभागीय कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा; परीक्षा तोंडावर आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. वर्ष वाचावे म्हणून शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत लांबविता येईल काय, हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. पण वाढीच्या वयात बाक भराभर वाढू शकतो, तेव्हा उत्तर नाही असे आले तर ते मानावे. शस्त्रक्रियेपायी शाळेतून गेलेली मुलगी परत न येणे, ही यातील सर्वात मोठी हानी आहे. पाठ सरळ झाली आणि शिक्षण मोडले, असे होण्यास एक हुकलेले वर्ष पुरते. पुढे घरचे लोक लग्नाची बोलणी सुरू करतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यातच वर्गशिक्षकाने घरी जाऊन यावे आणि परतीचा दिवस ठरवून यावे.

पंचायत आणि शासकीय यंत्रणा यांनी करावयाचे काम बरेचसे शस्त्रक्रियेच्या आधीचे आहे. शस्त्रक्रिया चार ते आठ तास चालू शकते व रक्त लागते. गावातील तरुणांनी रक्तदानास पुढे यावे. मुलीच्या रक्तातील लोह आधीच पाहून घ्यावे. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या साप्ताहिक गोळ्या खिडकीबाहेर जातात की पोटात, याची चौकशी तेव्हा तरी व्हावी. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली व पुढे राज्यभर नेण्यात आली; आता तिचे संरक्षण प्रतिवर्षी प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले आहे. आरंभी ठरविलेल्या पॅकेजमध्ये रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एस.टी.चे किंवा दुसऱ्या वर्गाचे रेल्वेभाडे यांचाही समावेश होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते आणि त्यात सुट्टीनंतरचे काय काय येते, हे दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राकडून स्पष्ट करून घ्यावे. शिधापत्रिकेवर मुलीचे नाव नसणे किंवा आधारकार्डावरील नावात काना-मात्रा चुकणे, यात आठवडे जातात. तलाठी व ग्रामसेवक यांनी मनावर घेतल्यास हे काम लवकर उरकते.

आपल्या जिल्ह्यापुरती एक अडचण मोठी आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शस्त्रक्रियेनंतरची पहिली तपासणी काही आठवड्यांत, नंतरच्या तीन, सहा व बारा महिन्यांनी असतात. यांतील दोन-तीन तारखा कोपीवरच्या मुक्कामात हुकतात, आणि कोपीत पलंगही नसतो व खुर्चीही नसते. अशा मुलीस आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात ठेवण्याची व्यवस्था गावाने त्या हंगामापुरती तरी करावी. तिला सोबत न्यावेच लागले तर तिच्या कागदांची एक प्रत तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचविण्याचे काम येथील आरोग्य सेविकेने करावे, आणि मुकादमास तिचे नाव कोयत्यात धरू नको असे सरपंचाने उचल घेण्याच्या वेळीच बजावावे.

शेवटी आईवडील सहसा जो प्रश्न डॉक्टरांना विचारीत नाहीत, पण आशाताईंना हळूच विचारतात, तो. मुलीचे लग्न होईल ना, तिला मूल होईल ना? या शस्त्रक्रियेने मूल होण्यास बाध येत नाही, आणि कणा सांधलेल्या स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात. काळजी घ्यावयाची ती एकाच गोष्टीची: मणके कमरेपर्यंत सांधलेले असतील तर प्रसूतीच्या वेळी पाठीतून भूल देणे अवघड जाऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद आणि सळ्या कोणत्या धातूच्या आहेत हे सांगणारे कार्ड, ही दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातील जमिनीच्या सात-बाऱ्याशेजारी ठेवावीत, आणि मुलगी सासरी जाईल तेव्हा तिच्यासोबत द्यावीत.